फरकोटाचे उत्तरायुष्य

काही वर्षांपूर्वी अमेरिकेत मिनिॲपोलिसला एका मैत्रिणीकडे चार दिवस मुक्काम होता. बाहेर बर्फ पडत असल्याने बराचसा वेळ तिच्या दिवाणखान्यात पुस्तके चाळण्यात गेला. पुस्तकांच्या फळीवर एक अस्वल बसवलेले होते. खेळण्यातलेच, पण दुकानातून आणलेले वाटत नव्हते. दाट तपकिरी केस, हात फिरवला की एका दिशेला आपसूक निजणारे, डोळे काचेचे, आणि डाव्या तळपायावर, सॅटिनच्या गोल तुकड्यावर, रेशमाने भरलेली तीन इंग्रजी अक्षरे. ‘या आमच्या सासूबाई,’ मैत्रीण म्हणाली. सूर थट्टेचा होता, पण पुरता थट्टेचा नव्हता. सासूबाईंच्या फरच्या कोटाचे हे अस्वल झाले होते. त्यांनी तो कोट चाळीस हिवाळे वापरला होता. त्यांच्यामागे तो कोणी अंगावर घालीना, कोणाला विकवेना आणि टाकवेनाही. अखेर तो एका कारागीर बाईंकडे गेला आणि त्याची तीन अस्वले होऊन आली, तीन भावंडांना एकेक. ‘कोट होता कोणत्या प्राण्याचा?’ मी विचारले. मैत्रिणीने तोंड उघडण्याआधीच तिची सहा वर्षांची मुलगी म्हणाली, ‘अस्वलाचा.’

हे उत्तर पुष्कळ दिवस मनातून गेले नाही. मुलीचे काही चुकले होते असे नाही. समोर जे दिसत होते त्यावरून तिने योग्य तेच अनुमान काढले होते. पण एका प्राण्याचे कातडे माणसाच्या अंगावरून फिरून पुन्हा प्राण्याच्या आकारात घरी यावे, आणि या प्रवासात मूळ प्राणी मात्र कोणाच्याच स्मरणात राहू नये, ही गोष्ट विलक्षण होती. प्रस्तुत लेखाचा उगम त्या प्रसंगात आहे.

जुन्या फरकोटांची अस्वले, उशा, मांडीवर घ्यायची पांघरुणे, नाताळात टांगायचे मोजे करून देणारे छोटे कारागीर अमेरिकेत आणि कॅनडात गेली काही दशके काम करीत आहेत. मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. आजीच्या लुगड्याची गोधडी आणि आईच्या साडीची दुपटी आपल्याकडे घरोघर झाली आहेत, आणि गोधडीवर लिहून झाले नाही असा मराठी ललितलेखक शोधावाच लागेल. पण सादृश्य इथेच संपते. गोधडीत जाणारे लुगडे विटलेले, विरलेले असते. नेसण्याजोगे आयुष्य संपले म्हणून ते टाक्यांखाली जाते, आणि त्या मऊ झालेल्या जीर्णतेचीच ऊब पांघरणाऱ्याला मिळते. अस्वल होणारा फरकोट पुष्कळदा चांगला धडधाकट असतो, आणखी वीस हिवाळे सहज निघतील असा. झिजलेली असते ती तो अंगावर घालून रस्त्यात हिंडण्याची मुभा. गोधडी काटकसरीतून येते. हे अस्वल संकोचातून आले आहे. हा संकोच कसा घडला हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते, कारण जुन्या फरला प्रत्येक काळाने निराळी किंमत लावलेली आहे.

सतराव्या शतकात तर जुनी फर नव्या फरपेक्षा महाग होती. युरोपात त्या काळी बीव्हरच्या फरचा नमदा करून त्याच्या टोप्या बनवीत. बीव्हरच्या कातड्यावर दोन थर असतात. वर लांब, राठ केस. खाली आखूड, मऊ लव. नमदा होतो तो लवेचा. राठ केस आधी काढून टाकावे लागतात, आणि ते काम किचकट. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी पाच ते आठ कातडी एकत्र शिवून झगा करीत आणि केसांची बाजू आत घेऊन तो अंगावर वागवीत. वर्ष-दीड वर्षाच्या वापरात राठ केस घासून गळून जात, आणि अंगाच्या घामाने व चरबीने कातडे लोण्यासारखे मऊ होई. फ्रेंच व्यापारी या वापरलेल्या झग्यांना ‘कास्तॉर ग्रा’, म्हणजे तेलकट बीव्हर, म्हणत आणि न वापरलेल्या कोरड्या कातड्यापेक्षा त्यांना अधिक भाव देत. हॅरल्ड इनिस या कॅनेडियन अर्थेतिहासकाराने कॅनडाच्या फरव्यापारावर १९३०मध्ये लिहिलेल्या ग्रंथात या व्यवहाराची फोड केली आहे. ती वाचताना डोळ्यांपुढे येते ते असे: ज्यांचा झगा जुना होऊन टाकण्याच्या बेताला आला आहे अशा माणसांकडे समुद्रापलीकडून कोणी येते, नेमका तोच झगा मागते आणि त्याच्या बदल्यात लोखंडी सुरी व किटली देते. या व्यापारासाठी १६७०मध्ये लंडनच्या राजसनदेने स्थापन झालेली हडसन्स बे कंपनी पुढे साडेतीनशे वर्षे टिकली. २०२५च्या जूनपर्यंत तिची उरलीसुरली दुकानेही बंद झाली. या साऱ्या वैभवाच्या मुळाशी काही अंशी परक्यांच्या अंगावरचे वापरलेले कपडे होते, ही गोष्ट त्या कंपनीच्या गौरवकथांत क्वचितच येते.

युरोपात तर फर स्वतंत्र वस्त्र म्हणून शतकानुशतके जवळपास नव्हतीच. ती अस्तर होती. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये आणि फ्रान्समध्ये उत्तरेकडून आलेल्या खारींची कातडी लाखांनी वापरली जात. खारीची पाठ करडी आणि पोट पांढरे, त्यामुळे ती आलटून पालटून जोडली की आपोआप नक्षी होई. हिला ‘व्हेर’ म्हणत, आणि कुलचिन्हांच्या शास्त्रात निळ्या-पांढऱ्या घंटाकृती आकृतीच्या रूपाने ती अजून शिल्लक आहे. झग्याचे कापड विटले की अस्तर उसवून नव्या झग्याला लावीत. फरचे झगे मृत्युपत्रांत नावानिशी सोडले जात. कोणी कोणती फर वापरावी हे कायद्याने ठरवण्याचाही प्रयत्न झाला. तिसऱ्या एडवर्डच्या कारकिर्दीतील १३६३च्या कायद्यात दर्जाप्रमाणे वस्त्रे आणि फर नेमून दिलेली होती. तो कायदा फार टिकला नाही. असे कायदे कुठेच टिकत नाहीत, पण त्यांतून एक गोष्ट कळते: फर आत, अस्तरात असली तरी काठाला ती दिसावी अशी व्यवस्था असे, आणि लोक तिच्यावरून माणूस वाचीत.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना येथे सिंड्रेलाच्या सपातेची आठवण होईल. शार्ल पेरोने १६९७मध्ये ही कथा छापली तेव्हा सपाता काचेच्या होत्या. काचेसाठीचा फ्रेंच शब्द ‘व्हेर’. खारीच्या फरचा शब्दही उच्चाराला तोच, लिहिण्यात मात्र वेगळा. काचेची सपात घालून नाचणार कसे? तेव्हा मूळ कथेत सपात फरची असणार आणि ऐकण्याच्या चुकीने ती काचेची झाली असणार, असा तर्क एकोणिसाव्या शतकात बाल्झाकने केला, आणि तो अजूनही ठिकठिकाणी ठामपणे सांगितला जातो. लोककथांच्या अभ्यासकांना तो मान्य नाही. पेरोने काचच लिहिली आणि काचच त्याला अभिप्रेत होती. पऱ्यांच्या कथेत पायांना काय सोसेल याचा विचार करायचा नसतो. तर्क चुकीचा असला तरी बोलका आहे. वास्तववादी कादंबरीकाराला अद्भुतापेक्षा कपड्यांचा बाजार अधिक विश्वासार्ह वाटला, आणि राखेत बसणाऱ्या मुलीला राजपुत्रापर्यंत पोचवायला उंची फर पुरेशी आहे हे त्याच्या वाचकांनाही सहज पटले.

रशियन साहित्यात जुन्या कोटाला जे स्थान आहे ते दुसऱ्या कोणत्याही साहित्यात मला आढळलेले नाही. पुश्किनच्या ‘कॅप्टनची मुलगी’ (१८३६) या कादंबरीत कोवळा ग्रिन्योव्ह बर्फाच्या वादळात वाट दाखवणाऱ्या एका अनोळखी माणसाला आपला सशाच्या कातड्याचा कोट देऊन टाकतो. म्हातारा सेवक चरफडतो, कारण त्या धिप्पाड माणसाच्या अंगात तो कोट शिरताना शिवणी उसवतात. तो वाटाड्या म्हणजे पुढे बंडाचा नायक झालेला पुगाचोव्ह. फाशीच्या दोराखालून ग्रिन्योव्ह सुटतो तो त्या न बसणाऱ्या कोटामुळे. गोगोलचा ‘ओव्हरकोट’ (१८४२) तर सर्वांच्या परिचयाचा आहे, पण त्यातले दोन तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. अकाकी अकाकियेविच जुना कोट दुरुस्तीला नेतो तेव्हा पेत्रोविच शिंपी साफ नकार देतो आणि सुचवतो की याच्या आता पायाला गुंडाळायच्या पट्ट्या करा. जुन्याला दुसरे रूप देण्याचा हा सल्ला अकाकीच्या काळजात सुरीसारखा शिरतो, कारण पट्ट्या होणे म्हणजे कोट म्हणून मरणे. दुसरा तपशील नव्या कोटाच्या कॉलरचा. मार्टेनची फर परवडत नाही म्हणून दोघे मिळून दुकानातले उत्तमातले मांजराचे कातडे निवडतात. दुरून पाहणाऱ्याला ते मार्टेनच वाटावे. फरचा सगळा सामाजिक इतिहास या ‘दुरून’मध्ये आहे, आणि त्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

आज कपाटात सापडतो तसा, केसांची बाजू बाहेर असलेला बायकांचा फरकोट ही फार जुनी गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सीलच्या कातड्याचे कोट लोकप्रिय झाले तेव्हापासून फर अस्तरातून बाहेर आली आणि पाहण्याची वस्तू झाली. मग पुरवठाही पाहिजे. कॅनडातील प्रिन्स एडवर्ड आयलंडवर चार्ल्स डाल्टन आणि रॉबर्ट ओल्टन या दोघांनी १८९०च्या दशकात रुपेरी कोल्हा पिंजऱ्यात वाढवून दाखवला आणि फर रानातून शेतावर आली. १९२०च्या दशकात अमेरिकन कॉलेजकुमार रॅकूनच्या घोळदार कोटांत मिरवले. दुसऱ्या महायुद्धानंतर मिंकचे राज्य सुरू झाले. मिंकचा कोट म्हणजे कुटुंब वर आल्याची पावती. नवऱ्याने बायकोला दिलेली, आणि बायकोने इतर बायकांना दाखवलेली. पूर्ण लांबीच्या कोटाला पन्नासेक प्राणी लागत. एकेक कातडे तिरप्या अरुंद पट्ट्यांत कापून, त्या पट्ट्या थोड्या थोड्या सरकवून पुन्हा शिवीत, म्हणजे हातभर कातडे लांबत जाऊन खांद्यापासून पोटरीपर्यंत पोचे. आतले कातडे पाहिले तर हजारो टाके दिसतात. बाहेरून एकसंध वाटणारा हा कोट आतून गोधडीइतकाच तुकड्यांचा असतो. फक्त तो ते सांगत नाही.

२३ सप्टेंबर १९५२ रोजी, उपाध्यक्षपदाचे उमेदवार असलेल्या रिचर्ड निक्सन यांनी आपल्यावरील आरोपांना दूरदर्शनवरून उत्तर देताना आपल्या पत्नीकडे मिंकचा कोट नाही, साध्या कापडाचा आहे, असे देशाला सांगितले. ट्रूमन यांच्या प्रशासनातील मिंककोटाच्या एका प्रकरणाची त्याला पार्श्वभूमी होती. मिंक म्हटले की ऐश्वर्य आणि लाच दोन्ही लोकांना लगेच सुचत, हे त्यावरून दिसते. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत फरच्या वस्तूंवरील चिठ्ठ्यांचा कायदा अमलात आला होता. तो संमत झाला १९५१मध्ये. तोपर्यंत सशाच्या रंगवलेल्या कातड्याला ‘लापँ’ म्हणावे, मस्करॅटच्या कातरून रंगवलेल्या कातड्याला ‘हडसन सील’ म्हणावे, असा राजरोस व्यवहार होता. (मस्करॅट हा दलदलीत राहणारा उंदीरवर्गीय प्राणी. सीलशी त्याचा संबंध फक्त जाहिरातीत.) नव्या कायद्याने प्राण्याचे खरे नाव, फर रंगवलेली असल्यास तो उल्लेख आणि मूळ देश लिहिणे सक्तीचे केले. वापरलेली फर पुन्हा वापरली असेल तर तेही लिहायचे. पंजे, शेपट्या, पोटाकडचे तुकडे जोडून कोट केला असेल तर तेही. ग्राहकाची फसवणूक टाळावी एवढाच त्यामागचा हेतू. प्राण्यांची कणव हा या कायद्याचा विषय नाही. पण परिणाम असा झाला की कोटाच्या सबंध इतिहासात प्रथमच त्यातल्या प्राण्याचे खरे नाव कोटाला जोडले गेले.

पुढचा भाग अलीकडचा आणि सर्वज्ञात आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९६२मध्ये जॅकलिन केनेडी यांनी बिबट्याच्या कातड्याचा कोट घातला आणि ठिपकेदार कातड्यांची लाट आली. भारताचा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, अमेरिकेचा संकटग्रस्त प्रजातींचा कायदा १९७३चा. पिंजऱ्यात वाढवलेल्या मिंकला या कायद्यांचे संरक्षण नव्हते. त्याच्यासाठी जी मोहीम झाली ती रस्त्यावर आणि भित्तिपत्रकांवर झाली. १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये डेव्हिड बेली या छायाचित्रकाराने केलेल्या भित्तिपत्रकात फरकोट फरफटत नेणारी स्त्री आणि तिच्यामागे उमटत गेलेला रक्ताचा पट्टा होता. ते पत्रक परिणामकारक होते यात शंका नाही. त्याने कोट देणारा नवरा आणि विकणारा दुकानदार यांना चौकटीबाहेर ठेवून सगळा दोष घालणारीच्या माथी मारला, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि मला तो रास्त वाटतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये फरसाठी प्राणी पाळण्यास बंदी करणारा कायदा २०००मध्ये झाला. कॅलिफोर्नियाने २०१९मध्ये नवी फर विकण्यावर बंदी आणली; ती २०२३पासून लागू झाली, आणि वापरलेली फर तिच्यातून वगळलेली आहे. २०२०च्या नोव्हेंबरात कोविडच्या भीतीने डेन्मार्कने देशातले सारे पाळीव मिंक, दीड कोटीहून अधिक, मारण्याचा निर्णय घेतला. घाईने उथळ पुरलेली प्रेते काही दिवसांनी आतल्या वायूंनी फुगून मातीतून वर आली.

आता कपाटातल्या कोटाचे काय करावे? हा प्रश्न पडलेली पिढी बहुधा मुलींची आणि सुनांची आहे. जुन्या कोटाला बाजारात भाव नाही. काही प्राणिरक्षण संस्था असे कोट गोळा करून पोरक्या किंवा जखमी वन्य पिलांच्या अंथरुणासाठी देतात. पिलांना आईच्या अंगाची आठवण देणारे काहीतरी त्यात असते म्हणतात. मला हा सर्वांत न्याय्य मार्ग वाटतो. पण तो पत्करणाऱ्या मुलीला आईचा कोट द्यावा लागतो, आणि आईचा कोट म्हणजे केवळ फर नसते. त्याच्या बाहीत आईच्या अत्तराचा वास राहिलेला असतो. लहानपणी लांबच्या प्रवासात त्या बाहीवर डोके ठेवून झोपलेले असते. ज्यांनी हा अनुभव घेतला त्यांना बेलीचे भित्तिपत्रकही पटलेले असते. दोन्ही खरे, आणि दोन्ही एकाच खुंटीला टांगलेले.

आपल्याकडे असा पेच फारसा पडला नाही, कारण आपल्याकडे फरकोट नाहीत. मृगाजिन आणि व्याघ्रचर्म होते, पण ते अंगापेक्षा आसनाचे. जुन्या संस्थानिक वाड्यांतील वाघांची मुंडकी आणि कातडी आहेत. १९७२च्या कायद्याने त्यांची नोंद करावी लागते आणि ती विकता येत नाहीत. आजोबांच्या शिकारीचे काय करावे हे न कळलेली घरे आपल्याकडेही असणारच. पण वाघाची उशी करून ती नातवाला द्यावी असे कोणाला सुचल्याचे ऐकिवात नाही.

अस्वल करणे हे काम सोपे नाही, आणि ते कसे करतात हे जाणून घेतल्यावर माझी सुरुवातीची चेष्टेची वृत्ती बरीच निवळली. आधी अस्तर उसवायचे. चांगल्या कोटाचे अस्तर सॅटिनचे असते, आणि त्यावर आतल्या बाजूला मालकिणीची आद्याक्षरे भरण्याची पद्धत होती. ती जपून बाजूला काढायची. मग कातडे तपासायचे. कमावलेले कातडे उष्ण, कोंदट कपाटात वर्षानुवर्षे राहिले तर आतून मरते. वरचे केस तेजस्वी दिसत असतात आणि हलकेच ताणले की पाठ कागदासारखी फाटते. असे झाले असेल तर मागून कापडाचा आधार द्यावा लागतो. नमुना आखायचा तो कातड्याच्या बाजूने, केसांचा कल सांभाळून, म्हणजे पोटावरचे केस खाली आणि कानांवरचे वर वळावेत. कापायचे पात्याने, फक्त कातडे. कात्री चालवली की केस तुटतात आणि शिवणीवर टक्कल दिसते. सुई तीन धारांची, चामड्याची. शिवून झाले की शिवणीत अडकलेले केस एकेक करून सुईच्या टोकाने बाहेर ओढायचे, मग शिवण नाहीशी होते. शेवटी तळपायांना अस्तराचे सॅटिन, आद्याक्षरांसह. या कारागिरांचे सगळे कसब शिवण लपवण्यात आहे, जसे ते कोट करणाऱ्याचेही होते.

पण अस्वलच का? याचे साधे उत्तर असे की ते कुशीत घेता येते. त्यामागे आणखी एक कथा आहे. नोव्हेंबर १९०२मध्ये मिसिसिपीत शिकारीला गेलेल्या थिओडोर रूझवेल्ट यांच्यासाठी सोबत्यांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवले. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणे शिकाऱ्याला शोभत नाही म्हणून त्यांनी नकार दिला. क्लिफर्ड बेरीमन यांच्या व्यंगचित्राने तो प्रसंग घरोघर पोचवला, ब्रुकलिनच्या मॉरिस मिक्टम या दुकानदाराने ‘टेडीचे अस्वल’ विकायला ठेवले, आणि सुमारास त्याच वेळी जर्मनीत मार्गारेटे श्टाइफ यांच्या कारखान्यातही मोहेरचे अस्वल तयार झाले. दयेचे हे प्रतीक शतकभर मुलांच्या अंथरुणात झोपले. व्यंगचित्रात न आलेला भाग असा की ते अस्वल कुत्र्यांशी झटापटीत आधीच घायाळ झाले होते. रूझवेल्ट यांनी त्याच्या यातना संपवायला सांगितले आणि ते सुरीने मारले गेले. पहिल्या टेडीच्या मागेही एक मेलेला प्राणी आहे, आणि तिथेही तो चित्राबाहेर राहिला. फरकोटाची मालकीण या खेळण्यात विसावते तेव्हा तिचा कोट नकळत फार जुन्या सोबतीला जातो.

घरात ठेवलेली फर नेहमीच इतकी सोज्वळ नसते. काफ्काच्या ‘रूपांतर’मध्ये (१९१५) ग्रेगोरच्या खोलीत मासिकातून कापलेले, त्याने स्वतः करवतीने कोरलेल्या सोनेरी चौकटीत बसवलेले एक चित्र आहे: फरची टोपी, फरचा गळपट्टा आणि हात कोपरापर्यंत फरमध्ये घातलेली स्त्री. खोली रिकामी करायला आई आणि बहीण येतात तेव्हा किडा झालेला ग्रेगोर सारे सोडून त्या चित्राला चिकटून बसतो. माणूसपणाची एवढीच एक वस्तू त्याला वाचवायची असते, आणि तिच्यात आहे जनावराच्या कातड्यात गुंडाळलेले माणूस. १९३६मध्ये मेरेट ओपेनहाइम या तरुण कलावतीने पॅरिसच्या दुकानातून कप, बशी आणि चमचा आणून तिन्हींवर हरणाच्या जातीतल्या गझेलची फर चढवली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ती कलाकृती आहे. तिचे छायाचित्र पाहिले तरी जिभेवर केस आल्याचा भास होतो. ओपेनहाइमचा कप आणि आजीचे अस्वल एकाच द्रव्याचे, एकाच युक्तीचे. घरगुती वस्तूला जनावराची कातडी. कप पाहणाऱ्याला जनावर विसरू देत नाही. अस्वल, जनावराचाच आकार घेऊन, विसरायला मदत करते. यात कारागीर बाईंचा दोष नाही. त्यांच्याकडे लोक येतात तेच त्यासाठी.

निघण्याच्या आदल्या रात्री मैत्रिणीने टेबलाच्या खणातून एक लिफाफा काढला. कोटाची तीन अस्वले करून झाल्यावर बाईंनी उरलेले सगळे त्यात घालून परत पाठवले होते. चार आकडे, एक मोठे बटण, कॉलरची चिंधोटी आणि अस्तराच्या आत शिवलेली रेशमी चिठ्ठी. मी ती दिव्याखाली धरली. अक्षरे पुसट होती, पण वाचता येत होती. मस्करॅट, रंगवलेले, मूळ देश अमेरिका.

‘सासरे दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला मिंकची गोष्ट सांगायचे,’ मैत्रीण म्हणाली. ‘किती हप्ते भरले, दुकानदार काय म्हणाला, त्या कशा रडल्या. सगळ्यांना तोंडपाठ आहे.’

‘त्यांना स्वतःला माहीत होतं का?’

‘कोणाला? सासऱ्यांना की सासूबाईंना?’

याचे उत्तर मला सुचले नाही. सासूबाईंनी चाळीस वर्षांत अस्तर कधीतरी उसवले असेल, निदान दुरुस्तीला तरी. चिठ्ठी त्यांनी पाहिली असेल आणि पुन्हा शिवून टाकली असेल. नसेलही.

‘आणि तुझ्या नवऱ्याला?’

तिने चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, घडी घातली आणि लिफाफ्यात ठेवली. ‘अजून दाखवलेली नाही,’ ती म्हणाली.